वॉटर पार्कचं जेवणाचं कूपन : घ्यावं का, किती जणांचं घ्यावं, आणि पैसे कसे वसूल करावेत

‘एंट्रीचे सातशे, नाश्ता-जेवणासकट साडेदहाशे. ताई, सगळे पॅकेजच घेतात.’

उन्हाळ्यात नागपूरच्या आजूबाजूच्या वॉटर पार्कला सहलीसाठी फोन लावला की थोड्याफार फरकाने हेच ऐकू येतं. आकडे मी हिशेब समजावा म्हणून धरले आहेत, दर पार्काप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलतात. वरचे साडेतीनशे मात्र कुठेही गेलात तरी तुमच्यासमोर असेच येऊन उभे राहतात, आणि फोनवर हो किंवा नाही म्हणायला आपल्याला अर्धा मिनिट मिळतो.

आमचा बचत गट यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातला. मी गटाची सचिव, वही माझ्याकडे असते. आमच्यातल्या बहुतेक बाया हंगामात कापूस वेचायला जातात. किलोमागे १० रुपये धरले तर ३५० रुपये म्हणजे ३५ किलो कापूस, एका बाईचा वाकून वाकून गेलेला अख्खा दिवस. म्हणून कूपनाचा हिशेब मी ‘सहलीला आलो तर होतोच खर्च’ म्हणून सोडून देत नाही. तुम्हीही देऊ नका. सहल बचत गटाची असो, शाळेची असो की चार घरांनी मिळून काढलेली असो, पद्धत एकच आहे.

आधी प्लॅन कुठल्या जातीचा ते ओळखा

‘जेवणासकट’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिला प्रकार बुफेचा. हातात बँड किंवा कागदी कूपन देतात, ठरलेल्या वेळात हॉलमध्ये जायचं आणि पोटभर खायचं. दुसरा ठरलेल्या ताटाचा, म्हणजे एका कूपनावर एक थाळी किंवा एक कॉम्बो, आणि वरची पोळीही विकत. तिसरा रिचार्ज कार्डाचा. ५०० किंवा १००० रुपये आधी भरायचे आणि पार्कातल्या स्टॉलवर ते कार्ड दाखवून खायचं. चौथा आमच्यासारख्या गटांसाठी, ३०-४० माणसं असली की पार्कवाले सांगाल तसं जेवण करून देतात.

यात रिचार्ज कार्डापासून सगळ्यात जास्त जपा. त्यातली शिल्लक परत मिळते की नाही, आणि मिळते तर गेट बंद व्हायच्या किती आधी कुठल्या खिडकीवर, हे पैसे भरण्याआधी विचारायचं. शिल्लक बुडत असेल तर कार्डात कमीत कमी रक्कम टाका आणि लागली तर पुन्हा भरा. संध्याकाळी कार्डात ८० रुपये उरले म्हणून नको असलेलं आइसक्रीम घेणारी माणसं मी दर वर्षी पाहते.

चौथ्या प्रकारात घासाघीस चालते, आणि ती करायलाच हवी. ‘नाश्ता नको, नुसती एंट्री आणि जेवण द्या, किती?’ हे वाक्य पाठ करून ठेवा. पॅकेज फोडता येतं हे ते आपणहून सांगत नाहीत. ड्रायव्हरचं जेवण फुकट मागा, बऱ्याच ठिकाणी देतात. शनिवार-रविवार सोडून गेलात तर दरही उतरतो आणि जेवणाची रांगही.

हिशेब माणशी नाही, तोंडाप्रमाणे

पार्कवाला सगळा हिशेब माणशी करतो. ४० माणसं, ४० कूपनं, १४,००० रुपये. पण ४० माणसं सारखी जेवत नाहीत, आणि कूपनाचे पैसे बुडतात ते इथेच.

वहीचं एक पान घ्या. पार्कात कूपन न घेता वेगवेगळं विकत घेतलं तर काय पडेल ते फोनवर विचारून लिहा. समजा पोहे आणि चहा मिळून ९०, थाळी २२०, संध्याकाळचा चहा-भजी ६०. झाले ३७०. कूपन ३५०. म्हणजे जो माणूस तिन्ही वेळा पोटभर खाईल त्याचे वाचतात २० रुपये. फक्त २०.

आता आपल्या माणसांकडे बघा. पहाटे निघताना घरून भाकर-भाजी खाऊन निघणारी बाई १० वाजता पोहे खात नाही. आमची एक काकू पहिल्या वर्षी मला म्हणालीच होती, ‘काहून व माय, पायटंच भाकर खाऊन निंगालो, आता पोहे कायले खावाव?’ तिचे ९० गेले. तिला २८० रुपयांचं जेवण ३५० ला पडलं, ७० चा तोटा. ४ वाजता गाडी काढायची म्हणून संध्याकाळचा चहाही हुकला, तर तोटा १३० वर गेला.

लेकरांचं गणित याहून वेगळं. पाण्यात उतरलेलं पोट्टं जेवायला बाहेर येत नाही. ओढून आणलं तर अर्धी पोळी, दोन घास भात आणि पापड खाऊन पुन्हा पळतं. दोन लेकरांत एक थाळी पुरते, म्हणजे एका लेकराचे ११० आणि संध्याकाळचे ६०, एकूण १७०. कूपन मात्र ३५० चं. एका लेकरामागे १८० रुपये पाण्यात.

मग येतात उपासवाल्या. सहल चतुर्थीला किंवा गुरुवारी पडली तर आमच्याकडे पाच-सहा जणी उपाशी असतातच. पार्कात साबुदाणा मिळेलच असं नाही, आणि मिळाला तर तो पॅकेजात नसतो. तारीख धरताना आधी कालनिर्णय उघडा.

हे सगळं एकत्र मांडलं की चित्र असं दिसतं. ४० जणांत २२ जण जेवण आणि संध्याकाळचा चहा घेणारे, त्यांचे २८० प्रमाणे ६,१६०. १२ लेकरं १७० प्रमाणे २,०४०. ६ जणी उपास किंवा हलकं खाणाऱ्या, त्यांचे नुसते चहाचे ३६०. एकूण ८,५६०. सरसकट कूपनं घेतली असती तर १४,०००. फरक ५,४४० रुपयांचा. सकाळची शिदोरी गटाच्या पिठा-तेलात करायला हजारभर रुपये लागले तरी साडेचार हजाराच्या आसपास हातात राहतात.

याचा अर्थ कूपन नेहमी तोट्याचं असं नाही. कॉलेजातली पोरं, शेतात राबणारे गडी, दोन वेळा भात घेणारी माणसं असतील आणि बुफे पोटभर असेल तर कूपनासारखं स्वस्त काही नाही. सुट्टीच्या दिवशी थाळीचा भाव चढतो, कूपन मात्र आधी ठरलेल्या दरात मिळतं, तेव्हाही फायदा. त्यामुळे उत्तर बहुतेक वेळा मधलं निघतं, काहींना कूपन आणि काहींना नुसती एंट्री. असं मिसळून देतात का, हे मात्र आधी विचारा. काही ठिकाणी ‘सगळा ग्रुप एकाच पॅकेजवर’ अशी अट असते, आणि बुफेत एका बँडवर दोघांनी खाणं कुठेच चालत नाही.

फोनवर काय विचारायचं

फोन करा, पण उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. ‘दादा, एवढं टाइप करून पाठवा, आमच्या बायांना दाखवायचं आहे,’ म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. फोनवर बोलणारा माणूस आणि गेटवर उभा असलेला माणूस वेगळे असतात. लिहिलेलं दाखवता येतं.

विचारायचं ते असं. जेवणात नेमकं काय, भाज्या किती, गोड आहे का, पोळी-भात मोजून की हवा तेवढा. नाश्त्याची खिडकी किती वाजता बंद होते, जेवणाची किती ते किती. दर टॅक्ससकट आहे का. लहान मूल कसं ठरवतात, वयावर की उंचीवर. आपली पोरं उंच असतील तर उंचीच्या नियमात ९ वर्षांचं पोर मोठ्यांच्या दरात जातं. पिण्याचं पाणी कुठे आणि फुकट का. ४० सांगून ३६ आलो तर चौघांचे पैसे परत मिळतात की कूपन पुढे कधी वापरता येतं. आणि शेवटचं, बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का. उत्तर बहुतेक ‘नाही’ येतं, पण बाळाचं दूध, म्हाताऱ्या माणसाची औषधं आणि मधुमेहवाल्यांसाठी थोडं काही नेता येईल का, हे वेगळं विचारा. त्याला बहुतेक ठिकाणी हो म्हणतात.

आगाऊ रक्कम भरताना पावतीवर माणसांचा आकडा थोडा कमी टाका. आमच्याकडे ऐनवेळी कुणाच्या घरी पाहुणे येतात, कुणाची गाय विते. गेटवर दोन वाढवता येतात, कमी करता येत नाहीत.

दिवसाची आखणी कूपनाच्या वेळेवर

पहिल्या वर्षी आम्ही सरसकट ३८ पॅकेजं घेतली होती. पार्कचं नाव सांगत नाही, चूक त्यांची एकट्याची नव्हती. ६ ला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेसातला. जामच्या चौरस्त्यावर चहाला थांबलो, बुटीबोरीला ट्रकांची रांग लागली. गेटवर पोहोचलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते आणि नाश्त्याची खिडकी ११ ला बंद झाली होती. ३८ नाश्त्यांची गुलाबी कूपनं माझ्या हातात, आणि पलीकडे एक पोरगा रिकामी परात पुसत होता. मी त्याला विचारलं, निदान चहा तरी द्या. तो म्हणाला, ‘ताई, कूपनवर वेळ लिहिलेली हाय.’ खरंच लिहिलेली होती, मागच्या बाजूला, बारीक अक्षरात.

तेव्हापासून आम्ही नाश्ता घेत नाही. शिदोरी करतो. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, सोबत कोरडा झुणका. दशमी दुधात भिजवलेली असल्याने उन्हाळ्यातही दुपारपर्यंत खराब होत नाही. भात आणि ओली भाजी मात्र मे महिन्यात डब्यात भरू नका, पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बंद गाडीत चार तासांत आंबतं. शिदोरी पार्किंगमध्ये, गाडीच्या सावलीत चादर अंथरून संपवायची आणि मगच गेटकडे जायचं. आत नेऊन बॅगेत लपवू नका, तपासणीत पकडलं की डबा गेटवरच राहतो आणि म्हाताऱ्या बाईचा चारचौघांत अपमान होतो. ते मी पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही.

साडेनऊ-दहाला पोट भरून आत शिरलो की मोठ्या घसरगुंड्या लगेच नाही करायच्या. पहिला तास उथळ पाण्यात लेकरांसोबत. ११ पासून जेवायला जाईपर्यंत मोठ्या राइड करून घ्या, कारण इतर लोक तेव्हा नाश्ता करून नुकते फिरू लागलेले असतात. जेवणाला १ ते २ मध्ये जाऊ नका. सगळा पार्क त्याच तासात हॉलमध्ये असतो, रांग पाऊण तासाची, आणि मागे उरतो तो गार भात. खिडकी १२ ला उघडत असेल तर सव्वाबाराला जा. ते जमलं नाही तर सव्वादोनला, पण बंद व्हायच्या वेळेला अर्धा तास राखून.

जेवल्यावर तास-दीड तास सावलीत. हा वेळ वाया गेला असं पोरांना वाटतं, पण भरल्या पोटी गोल फिरणाऱ्या राइडवर चढलं की ओकारी ठरलेली, आणि मग कूपनही जातं आणि दुपारही जाते.

कूपन कुणाकडे ठेवायचं

कागदी कूपन आणि पाणी यांचं वैर आहे. आमच्या गाडीतल्या एका मुलाने चार जणांची कूपनं स्वतःच्या अर्ध्या चड्डीच्या खिशात ठेवली. जेवायला आला तेव्हा खिशातून लगदा निघाला, बोटांना गुलाबी रंग, शिक्क्याचा नुसता निळा डाग दिसत होता. खिडकीवरच्या माणसाने चांगुलपणाने दोन थाळ्या दिल्या, दोन गेल्या.

आता कूपनं वाटतच नाही. सगळी एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी लॉकरमध्ये, आणि लॉकरची किल्ली पाण्यात न उतरणाऱ्या एका आजीकडे. गेटवरच मोबाइलमध्ये सगळ्या कूपनांचा पसरून फोटो काढते, नंबर दिसेल असा. हरवलं तर नंबर सांगता येतो. जेवणाच्या वेळी पाच-सहा जणांचा एक गट, प्रत्येक गटाला एक मोठी बाई, तीच कूपनं मोजून देते.

ओल्या कपड्यांनी बऱ्याच हॉलमध्ये बसू देत नाहीत. लॉकर लांब असेल तर कपडे बदलायला जाऊन-येऊन अर्धा तास मोडतो. एक कोरडा टॉवेल आणि एक गाऊन बाहेर असलेल्या आजीजवळच ठेवला की हा अर्धा तास वाचतो.

हॉलमध्ये

आधी रिकाम्या हाताने बुफेभोवती एक चक्कर मारा. भाजी, वरण, भात, गोड, सगळं बघा, मग ताट उचला. आमच्या बायांना सवय अशी की पहिल्याच ठिकाणी भात वाढून घ्यायचा, आणि पुढे पनीर दिसलं की ताटात जागा नसते. पैसे वसूल करायचे म्हणून ताट भरू नका. जे घरी होत नाही, महाग पडतं, ते घ्या. पनीर, गोड, सॅलड, ताक असेल तर ताक. भात घरी रोज आहे.

मधुमेह असलेल्यांनी कोल्ड्रिंकच्या जागी ताक किंवा साधा, बिनसाखरेचा सोडा मागा. कॉम्बोत कोल्ड्रिंक लिहिलेलं असलं तरी विचारल्यावर बदलून देतात.

पाणी वेगळं धरा

जेवणाच्या प्लॅनमध्ये बहुतेक वेळा पाणी नसतं, आणि उन्हाळ्यात ४० माणसांना दिवसभरात लागणारं पाणी बरंच महाग पडू शकतं. गाडीत २० लिटरचे दोन जार ठेवा. आत शिरताना रिकाम्या बाटल्या न्या, पिण्याच्या पाण्याची टाकी कुठे ते विचारून तिथे भरा. लिंबू, मीठ, साखर गाडीत असू द्या. १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, एवढं प्रमाण लक्षात ठेवलं की उन्हाने गळालेल्या माणसाला लगेच देता येतं.

सीलबंद बाटली स्टॉलवर छापील किमतीपेक्षा जास्त घेऊन विकता येत नाही. टेबलावर बसवून वाढणाऱ्या हॉटेलांची गोष्ट वेगळी, त्यांना सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये मोकळीक दिली आहे. जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडलेला दिसला तर काढायला सांगा. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या सूचनांप्रमाणे तो देणं न देणं ग्राहकाच्या मर्जीवर आहे. ऐकलं नाही तर बिल जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

लांबच्या सहली

आमच्या तालुक्याच्या गावाहून, म्हणजे पांढरकवड्याहून, ४४ नंबरच्या महामार्गाने आदिलाबाद, निर्मल करत हैदराबाद आमच्याकडच्या गाड्यांना सोयीचं पडतं. हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी १९९६ पासून सुरू आहे. तिथली वरची पॅकेजं बुफे जेवणासकट असतात. ते बघणं म्हणजे दिवसभर बसने आणि पायी फिरणं, मधेच बाहेर येऊन जेवता येत नाही, म्हणून तिथे मी जेवण घेण्याच्या बाजूची आहे. हैदराबादच्याच वंडरला पार्कात बाहेरचं खाणं चालत नाही, पण स्टॉल बरेच असतात. लेकरं जास्त असतील तर तिथे सरसकट कूपन न घेता निवडून खा. तेलंगणातल्या जेवणात तिखट आणि आंबट दोन्ही असतं, आपल्याला तिखटाचं काही नाही, पण लहान पोरांसाठी दहीभात शोधून ठेवा.

गावातल्या एका काकांची मुलगी अमेरिकेत असते. आई-वडिलांना फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला नेण्याआधी तिने मला तिथल्या जेवणाच्या प्लॅनबद्दल विचारलं, कारण हिशेबाची वही माझ्याकडे असते हे तिला माहीत. तिथे प्लॅन त्यांच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना मिळतो. जितक्या रात्री राहाल त्या हिशेबाने जेवणांची क्रेडिट, म्हणजे एक प्रकारची कूपनंच, खात्यात जमा होतात. खोलीतल्या ३ वर्षांवरच्या सगळ्यांना तो घ्यावा लागतो, ३ ते ९ वर्षांच्या मुलांचा दर कमी असतो, आणि हॉटेल सोडायच्या दिवशी मध्यरात्री उरलेली क्रेडिट संपतात. तिचे वडील दिवसातून एकदा वरण-भात आणि रात्री दूध-पोळी खाणारे. मी तिला तोंडाप्रमाणे हिशेब मांडायला लावला आणि तिने प्लॅन घेतला नाही.

परतताना

हिशेब गावात पोहोचल्यावर करू नका, तेव्हा सगळ्या थकलेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवत नाही. आम्ही बुटीबोरी सुटलं की गाडीतला दिवा लावतो. किती कूपनं घेतली, किती वापरली, कुणी थाळी वाटून खाल्ली, शिदोरीचं पीठ कुणाच्या घरचं होतं, सगळं वहीत. मागच्या खेपेला २४ कूपनं घेतली होती, २३ वापरली गेली, उरलेलं एक माझं, कारण मला दुपारी डोकं दुखत होतं आणि मी नुसतं ताक घेतलं. हिंगणघाट यायच्या आत वाचलेले माणशी १२० रुपये परत वाटून झाले. काकूने तिची नोट पदराच्या टोकात बांधली आणि खिडकीला डोकं टेकवून झोपून गेली.